मेढेकरांचा तळमजला

“कालिंदी, तू माझ्या घरात ये आणि मी तुझ्या घरात येतो,” मेढेकरकाका म्हणाले.

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्यामुळे त्यांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी एवढं एकच वाक्य टाकलं आणि रुमालानं मान पुसायला लागले. आई शेंगा सोलत होती. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे अदलाबदल. माझा तळमजला तुला, तुझा तिसरा मजला मला. वरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. सोसायटीत नावं बदलून घेऊ. दसऱ्याच्या आत झालं तर उत्तम.”

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला आमची सोसायटी होती, तीन मजली आणि बिनलिफ्टची. लहानपणच्या पोलिओनं माझे पाय बारीक राहिले होते, पण कॅलिपर आणि कुबड्या घेऊन मी तो जिना रोज चढत-उतरत होते, नोकरी करत होते. मग एका सकाळी कुबडी घसरली, मी जिन्यावरून गडगडत गेले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पायांनी पुन्हा अंग पेलायचं नाव काढलं नाही. चाकाची खुर्ची घरात आली आणि नोकरी गेली. त्यानंतरची दोन वर्षं मी तिसऱ्या मजल्यावरच होते. खाली उतरायचे ते फक्त दवाखान्यात जायला. तेव्हा जवळच्या तालमीतली दोन पोरं मला खुर्चीसकट उचलून न्यायची, आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक माझी मिरवणूक बघायचे. खालचं घर विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, आणि बिनलिफ्टचा तिसरा मजला कोणी चांगल्या किमतीला घेईल अशीही आशा नव्हती. थोडक्यात, मी मरेपर्यंत तिथेच राहणार हे मी आणि आई न बोलता धरून चाललो होतो.

अशा वेळी कोणी येऊन तळमजला हातात ठेवला, तर शहाण्या माणसानं देवाला नारळ फोडावा. मी विचारलं, “का?”

“अगं, हवा,” काका म्हणाले. “वर हवा छान आहे. खाली कोंदट होतं.”

“बरं. विचार करून सांगते.”

काका गेले तशी आई माझ्यावर उखडली. “इचार करून? कसला इचार? आगं, देव पावलाय दारात यिऊन, आन तू त्याला इचारतीस का आलास म्हनून?”

“आई, कोणताही माणूस धडधाकट डोक्यानं तळमजला सोडून तिसऱ्या मजल्यावर येत नाही. त्यात साठी उलटलेला.”

“तुला सगळ्यातच खोट दिसती.”

तिचं चूक नव्हतं. मी ट्रेझरीत नोकरी केलेली बाई. सरकारी खात्यांची बिलं तपासायची आणि त्यात आक्षेप काढून ती परत पाठवायची, हेच काम मी इतकी वर्षं केलं. जे बिल फार स्वच्छ दिसायचं त्याच्याकडे मी जास्त वेळ बघत बसायचे. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर जास्त घातली तरी मी आईला जुडी सोडून बघायला लावायचे.

मेढेकरांना मी पहिल्यापासून ओळखत होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे. काकू प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, कडक. मुलगी नागपूरला दिलेली. काकूंना मी रोज गॅलरीतून मागच्या अंगणात जास्वंदीला पाणी घालताना बघायचे. उन्हाळ्यापासून त्या दिसेनाशा झाल्या. आता पाणी काका घालायचे, आणि तेही दार बाहेरून ओढून घेऊन. विचारलं की म्हणायचे, गुडघे दुखतात तिचे.

चार दिवसांनी आई खालून बातमी घेऊन आली. काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं होतं की वर गच्ची जवळ पडते, वाळवणाला बरं. आईला स्वतःला जिन्यात गाठून म्हणाले होते की डॉक्टरांनी जिने चढायचा व्यायाम सांगितलाय.

“मला म्हणाले हवा,” मी म्हटलं. “सेक्रेटरींना म्हणाले वाळवण. तुला म्हणाले व्यायाम. एकाच खर्चाला तीन कारणं जोडून आली की मी बिल तपासत बसत नव्हते, सरळ परत पाठवत होते.”

“आता तू ट्रेझरीत न्हाईस, कालिंदे.”

मी तरी चौकशी लावली. खालच्या घरात ओल येते का, मोरी तुंबते का, रस्ता रुंदीकरणात अंगण जाणार आहे का, घरावर कोर्टाची काही भानगड आहे का, हे सगळं मी माणसं वर बोलावून विचारून घेतलं. प्लंबर म्हणाला, तळमजल्यासारखा कोरडा ब्लॉक अख्ख्या सोसायटीत नाही. नगरपालिकेतला माझा ओळखीचा माणूस म्हणाला, रस्ता पलीकडच्या बाजूनं वाढणार. कुठेच काही निघेना, आणि माझ्या मनातली पाल जास्तच चुकचुकायला लागली. खोट घरात नाही, म्हणजे ती माणसात आहे.

“मला घर बघायचंय,” मी काकांना निरोप पाठवला.

उत्तर आलं की पसारा आहे. पुन्हा निरोप पाठवला, तर मुलगी येणार होती. ती काही आली नाही. शेवटी मी कळवलं की न बघता मी सही करणार नाही. तेव्हा एका रविवारी दुपारी या म्हणाले, पण पाच मिनिटंच. काकू झोपलेल्या असतात.

तालमीतल्या पोरांनी मला खाली नेलं आणि दाराशी ठेवून ती बिडी ओढायला गेली. काकांनी दार उघडलं. आधी आतून वरची कडी सरकल्याचा आवाज झाला. दाराला नेहमीच्या जागी कडी होतीच, पण नवी एक कडी पार वर, चौकटीच्या माथ्याला लावलेली होती. काकांसारख्या उंच माणसाचाच हात पोचेल अशी. दाराच्या आतल्या बाजूला एक लहानशी घंटा बांधली होती. बाहेर चपलांच्या जागी काकांचे सॅंडल होते. काकूंची चप्पल नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले तर गॅसच्या शेगडीची बटणं काढून ठेवलेली. आतल्या खोलीचं दार बंद, आणि त्याला बाहेरून कडी.

“मागचं अंगण बघतेस ना?” काका घाईनं म्हणाले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

दाराला एक बारीक उतार होता, पायरी नव्हती. मी चाकं फिरवली आणि बाहेर आले. कोणी उचललं नाही, कोणी ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणालं नाही. चाकाखाली माती दबली तिचा आवाज मला ऐकू आला. जास्वंदीला हात लागत होता. कुंपणाच्या फाटकापर्यंत मी गेले, फाटक उघडलं, परत लावलं. पुन्हा उघडलं. समोर रस्ता होता. एक बाई स्कूटरवरून गेली आणि मला बघून तिला काहीच नवल वाटलं नाही. मला रडू आलं आणि काकांना दिसू नये म्हणून मी तशीच पाठमोरी थांबले. ते घर मला हवं होतं. आयुष्यात कुठल्याच गोष्टीची इतकी हाव मला सुटली नव्हती.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. “कोण आलंय हो?”

“कोणी नाही,” काका म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“कोण आलंय? दार का लावलंय?”

“कोणी नाही गं. झोप तू.” मग हळू आवाजात मला म्हणाले, “चल, कालिंदी. पुन्हा कधीतरी.”

वर आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. उंच कडी, घंटा, चप्पल, बटणं, बाहेरून लावलेलं दार. “तो माणूस बायकोला कोंडून ठेवतोय, आई. आणि खालून कोणाला तरी ऐकू जाईल, म्हणून त्याला वर यायचंय. वर आणून ठेवलं की ती ओरडली तरी कोण चढून बघायला येणार? आपल्याकडे कोण येतं?”

आई म्हणाली, “आपल्याला काय करायचंय त्यांच्या घरातलं?”

“आई!”

“व्हय, आईच. माझे गुडघे बघ. रोज दोनदा जिना करती मी. उद्या मी पडले, तर तुला पानी कोन देनार? तुला खाली जाताना बघितलं की मी सुखानं डोळं मिटीन. त्यांच्या भानगडी त्यांच्यापाशी. तू सही कर.”

मला तिचा राग आला, आणि राग अशासाठी आला की माझ्या मनात तेच होतं. रात्रभर मी स्वतःला समजावत राहिले की मला काय माहीत, मी काय पोलीस आहे का, असतील काकू आजारी. सकाळ झाली तरी ‘कोणी नाही’ हे दोन शब्द कानातून जाईनात. मलाही लोक असंच म्हणायचे. दारावर कोणी आलं की आई दाराआडून सांगायची, घरात कोणी नाही, मी आणि ही.

मी काकांना वर बोलावलं.

“काका, माझी एकच अट आहे. काकूंनी हे घर बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. घर शेवटी बाईच्या राबत्याचं. त्यांना ओटा पटतोय का, मोरी पटतेय का, ते त्यांनी मला सांगायला हवं.”

काकांचा चेहरा उतरला. “स्वयंपाक आता मीच करतो.”

“का?”

ते उठले, दारापर्यंत गेले, तिथे थांबले. “तिला चढवेल का, बघतो,” एवढं म्हणून गेले.

त्यानंतर आठवडा गेला तरी खालून काही नाही. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट समोर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मला वाटायला लागलं की आपणच आपल्या हातानं घर घालवलं. संध्याकाळी गॅलरीत बसून मी त्या अंगणाकडे बघायचे आणि स्वतःला शिव्या द्यायचे.

आणि मग एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. दोन वर्षं त्या जिन्यावर कान ठेवून बसल्यामुळे पावलांवरून माणूस मला ओळखू यायचा, पण ही पावलं ओळखीची नव्हती. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक पायरी. प्रत्येक मजल्यावर मोठा विसावा. दाराशी काकू उभ्या होत्या. एक हात काकांच्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी. स्वच्छ सुती पातळ, घट्ट अंबाडा, चष्मा पुसलेला. मी ज्या बाईच्या सुटकेचे बेत करत होते, तिच्या तोंडावर भीती वगैरे काही नव्हतं. वर्ग तपासायला आल्यासारख्या त्या खोलीभर बघत होत्या.

“तुम्ही बाहेर बसा,” त्या काकांना म्हणाल्या. “आणि निकमबाई,” त्या आईकडे वळल्या, “तुम्ही जरा आत जा. मला हिच्याशी बोलायचंय.”

दोघंही निमूट गेली. काकू माझ्यासमोर बसल्या.

“तू फार संशयी आहेस, असं हे म्हणत होते.”

“आहे.”

“बरं आहे. मला तसंच माणूस हवं होतं. काय काय संशय आला, सांग.”

मी सांगितलं. एक शब्दही मऊ केला नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ती कडी मी लावून घेतलीय. घंटाही मीच. चपला मीच लपवायला सांगितल्यात, कुठे ते मला सांगू नका म्हटलंय.”

“का?”

“माझं डोकं जातंय, कालिंदी. सकाळी बरी असते मी, ही बघ आत्ता आहे तशी. दुपार टळली की मला काही कळत नाही. श्रावणात मी एस.टी.त सापडले. वाईला निघाले होते. माहेरी. माहेरी आता कोणी नाही, घरसुद्धा नाही, पण मी कंडक्टरला सांगत होते, आई वाट बघत असेल. त्याआधी पोवई नाक्यावर भर ट्रकच्या मध्ये उभी होते म्हणे. मला आठवत नाही. हे सांगतात.”

“मग लोकांना सांगायचं ना! आम्ही सगळ्यांनी लक्ष ठेवलं असतं.”

“इतकी वर्षं मी मुलींच्या परीक्षा घेतल्या. आता जो येईल तो माझी घेणार. आज वार कोणता, सून कोणाची, बोटं किती.” त्यांनी ओठ घट्ट मिटले. “म्हणून मी यांना म्हटलं, कोणाला सांगू नका. यांना थापा मारता येत नाहीत, ते तू बघितलंसच.”

“आणि वरचं घर?”

“तेही माझ्याच डोक्यातलं. कडीचा उपयोग होईना. मी स्टूल घेऊन काढते ती. जिन्याला मात्र स्टूल लावता येत नाही. हाताला धरून मी चढते, पण उतरताना गुडघा दगा देतो, एकटीनं मी उतरणार नाही. वरती आले की संपलं. तळमजल्यावर मला कोणीतरी सतत धरून ठेवायला हवं. यांनी किती धरायचं? झोपायचं कधी त्यांनी?”

दोन वर्षं ज्या जिन्याला मी शिव्या देत होते, तोच जिना मागायला ही बाई आली होती.

“आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे,” काकू म्हणाल्या. “तू दोन वर्षं इथे आहेस. खाली उतरता येत नाही. कसं असतं?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“गोड बोलू नकोस. हे गोड बोलतात, मुलगी फोनवर गोड बोलते, डॉक्टर तर साखरेत घोळूनच बोलतात. वर हवा छान आहे, किल्ला दिसतो, सगळं ऐकून झालंय माझं. म्हणून तर मी चढून आले. हे सांगू शकेल असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही.”

मला कळत होतं, कोणत्या उत्तराची किंमत काय आहे ते. ‘बरं असतं, काकू, सवय होते,’ एवढंच म्हणायचं होतं. वाईटही ठरलं नसतं ते, धीर दिल्यासारखंच झालं असतं. आणि खरं सांगितलं तर त्या उठून जातील, आणि ते अंगण, ते फाटक, सगळं गेलं. आई भिंतीपलीकडे श्वास रोखून उभी आहे हेही मला कळत होतं. पण त्या समोर बसून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती माझीच नजर होती. त्या बिलातली खोट शोधत होत्या. मला त्यांना फसवता येईना.

“वाईट असतं,” मी म्हटलं. “पहिला महिना काही वाटत नाही. आराम वाटतो. मग खाली कोणी हसलं की कोण हसलं ते बघावंसं वाटतं. लोक आधी रविवारी येतात, मग सणाला येतात, मग जिना आठवतो आणि येत नाहीत. जे बाहेर जातात त्यांचा राग यायला लागतो. आई भाजी घेऊन आली की मी भाव विचारायचे आणि महाग आणलीस म्हणून भांडायचे. भाजीसाठी नाही. ती बाजारात जाऊन आली म्हणून.”

“पुढे?”

“चार ते सहा फार वाईट. तेव्हा सगळं जग रस्त्यावर असतं. एकदा मी गॅलरीतून स्टीलची ताटली खाली टाकली. मुद्दाम. कोणीतरी वर बघावं म्हणून.”

“बघितलं?”

“बघितलं. सेक्रेटरींनी बोर्डावर सूचना लावली.”

काकू हसल्या. एकदम मोकळ्या हसल्या. मग खिडकीकडे वळल्या.

“आणि जगता येतं?”

“येतं. मला आलं. तुम्हाला येईल का, ते मला माहीत नाही.”

“तू कुठे बसतेस?”

मी गॅलरीतली जागा दाखवली. उन्हं कुठून येतात, रस्त्याचं वळण कुठल्या खुर्चीतून दिसतं, हे सांगितलं. आतल्या खोलीच्या खिडकीशी बसू नका, तिथून फक्त पलीकडची भिंत दिसते, असंही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “खरं बोललीस. आता मला निदान आत काय आहे ते माहीत आहे. आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“चांगला वार. मग आजच कागद कर. मी दिवाळीनंतर कधीतरी म्हणेन की मला हे घर नको, मला फसवलं, मला खाली न्या. रडेनसुद्धा. तेव्हा माझं ऐकायचं नाही. आत्ता बोलतेय ती मी, तेव्हा बोलेल ती मी नाही. समजलं?”

“काकू, तुम्हाला काकांचा संशय नाही येत?”

“येतो की,” त्या काठी सावरत म्हणाल्या. “दुपारी येतो. हा माणूस कोण, माझ्या मागे का फिरतोय, असं वाटतं. सकाळी नाही येत.”

त्या गेल्यावर आई बाहेर आली. डोळे पुसत होती आणि तोंडानं मात्र फणकारत होती. “घालवलंस घर, आसं वाटलं मला. काळीज तोंडात आलं.” मग जरा वेळानं, पदर नीट करता करता म्हणाली, “भाजीच्या भावावरनं भांडायचीस, ते त्यासाठी व्हय गं?”

मी मान हलवली. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि आत निघून गेली.

दसऱ्याला आम्ही घरं बदलली. त्यांचं कपाट वर गेलं, आमचा पलंग खाली आला, आणि दोन्ही घरांत एकाच सकाळी दूध उतू घातलं. मी दिवसभर मागच्या दारातून आत-बाहेर करत होते. कारण काही नव्हतं. करता येत होतं म्हणून करत होते. शेजारचे म्हणाले, मेढेकरांचं डोकं फिरलंय, चांगला तळमजला पांगळीला देऊन टाकला. काका काही बोलले नाहीत, मीही नाही.

काकूंना भेटायला मला वर जाता येत नव्हतं, आणि त्यांना खाली येता येत नव्हतं. हे घर घेताना माझ्या लक्षात न आलेली ही एकच गोष्ट. आई सकाळी वर जाऊन यायची. सांगायची, बऱ्या हायेत, गॅलरीत बसत्यात.

दिवाळी उलटून गेली होती. एका दुपारी, चारच्या पुढे, आई बाजारात गेली होती आणि मी पुढच्या खोलीत होते. जिन्यातून कसलासा घासल्यासारखा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. पावलं नव्हती ती. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं आणि दारात काकू उभ्या होत्या. अनवाणी, केस सुटलेले. पातळ मागून धुळीनं पार माखलेलं. लहान मुलासारखं बसून, एक एक पायरी सरकत त्या खाली उतरल्या होत्या.

त्यांनी मला बघितलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

“तू कोण?”

“मी कालिंदी, काकू.”

“माझ्या घरात काय करतेस? माझं कपाट कुठाय?” त्यांचा आवाज चढला. “कपाट विकलंस तू. माझं घर बळकावलंस. मला वर नेऊन कोंडलं आणि घर बळकावलं!”

त्यांनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. ऐकायचं नाही. मी ऐकायचं नाही असं ठरवलेलंही होतं. पण त्या सांगत होत्या त्यात खोटं असं फारसं काही नव्हतं.

तेवढ्यात काका धावत खाली आले. बिचाऱ्यांचा डोळा लागला असावा, एका गालावर उशीच्या वळ्या होत्या. “चल, चल वर,” म्हणत त्यांनी काकूंचा दंड धरला. काकूंनी चौकट घट्ट पकडली आणि किंचाळल्या. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडलं.

“काका, सोडा त्यांना,” मी म्हटलं.

“अगं, पण तिनंच सांगितलंय—”

“मला माहीत आहे. सोडा.”

त्यांनी हात काढला. मी खुर्ची काकूंच्या जवळ नेली.

“काकू, मी घर राखतेय. तुम्ही वर गेला होतात, तोवर राखण नको का?”

“कोणी ठेवलंय तुला?”

“तुम्हीच.”

“मी?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझा चेहरा, माझी खुर्ची, माझे हात, सगळं त्यांनी तपासलं. इतकं बारकाईनं मला कोणी कधी बघितलं नव्हतं. “कपाटाला हात लावला नाहीस?”

“तुमच्या कुठल्याच वस्तूला लावला नाही.”

“बघते मी मग.” चौकटीवरचा त्यांचा हात सैल झाला. त्या आत आल्या आणि खिडकीखाली, जिथे त्यांची खुर्ची असायची, तिथे आता माझा पलंग होता, त्याच्या कडेवर बसल्या. पाय पोटाशी घेतले. “आता दार लाव. संध्याकाळचं असं उघडं टाकू नये.”

मी दाराशी गेले. काका उंबऱ्याच्या बाहेर उभे होते, आत यावं की नाही या विचारात.

“आणि त्या माणसाला आत घेऊ नकोस,” मागून काकू म्हणाल्या. “सारखा माझ्या मागे मागे येतो.”

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, लाव म्हणून. मग ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, भिंतीला डोकं टेकलं आणि मी दार लावलं.